लिथसाठी पेपर कुठला घ्यावा, आणि बंद पडलेल्या पेपरांचा नाद का सोडावा

लिथ प्रिंट, म्हणजे डार्करूममध्ये फोटो प्रिंट करायचा एक खास प्रकार, करायला निघालेला जवळजवळ प्रत्येक जण आधी डेव्हलपरबद्दल (कागदावर चित्र वर आणणारं केमिकल) विचारतो. कुठल्या कंपनीचा घेऊ, पाणी किती घालू, गरम करायचा का. पेपरचं नाव मात्र शेवटी जाता जाता, "माझ्याकडे इल्फर्डचं एक पाकीट पडलंय, चालेल ना?" असं. आणि घोडं तिथेच अडतं, कारण डेव्हलपर कुठलाही घ्या, उन्नीस-बीस फरक पडतो, पण पेपर लिथ होणारा नसेल तर ट्रे तासभर हलवत बसलात तरी हाती एक मळकट करडा कागद येतो, बस. म्हणून मी म्हणतो आधी पेपर ठरवा, मग त्या पेपरला काय मानवतं ते बघून बाकीचं जमवा. आणि पेपर असा ठरवा जो पुढच्या वर्षीही विकत मिळेल. हे दुसरं वाक्य बऱ्याच लोकांना पटत नाही, त्यावर खाली सविस्तर लिहितोच.

ज्यांनी हा प्रकार केलाच नाहीये त्यांच्यासाठी पटकन सांगतो. साधा ब्लॅक अँड व्हाईट पेपर घ्यायचा, एन्लार्जरखाली (निगेटिव्ह मोठी करून कागदावर पाडणारं यंत्र) त्याला नेहमीपेक्षा दोन-तीन स्टॉप जास्त एक्स्पोजर द्यायचं, एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड, म्हणजे जिथे १० सेकंद पुरली असती तिथे ४० ते ८० सेकंद, आणि मग भरपूर पाणी घालून पातळ केलेल्या लिथ डेव्हलपरमध्ये टाकायचा. आधी बराच वेळ काहीच दिसत नाही, आपल्याला वाटतं केमिकल मेलंय. मग फिकट, रंगीत असं चित्र सावकाश वर यायला लागतं, अजून सावकाश, आणि मग सावल्यांमधला काळा रंग एकदम वेग घेतो. दूध तापवताना होतं ना तसं, इतका वेळ ढिम्म आणि मान वळवली की गॅसवर. त्या वेग घेण्याच्या मधेच कुठेतरी प्रिंट उचलून स्टॉप बाथमध्ये, म्हणजे डेव्हलपरचं काम थांबवणाऱ्या द्रावणात, टाकायचा, त्याला स्नॅच पॉइंट म्हणतात, आणि तो घड्याळ बघून नाही, डोळ्यांनी ठरवायचा.

हे असं होतं त्याचं कारण हायड्रोक्विनोन. तो चांदीचा दाणा डेव्हलप करताना स्वतः ऑक्सिडाईज होतो आणि त्यातून जे सेमीक्विनोन तयार होतं ते शेजारच्या दाण्यांना आणखी जोरात डेव्हलप करतं. नेहमीच्या डेव्हलपरमध्ये सल्फाईट भरपूर असतं, ते या सेमीक्विनोनला जन्मताच गिळून टाकतं. लिथमध्ये सल्फाईट मुद्दाम अगदी कमी ठेवलेलं असतं, त्यामुळे जिथे काळं झालंय तिथे आणखी काळं, आणखी वेगाने. याला इन्फेक्शियस डेव्हलपमेंट म्हणतात, आणि नाव बरोबर आहे, साथ पसरावी तसंच ते पसरतं. उजेडाच्या भागांत मात्र साथ पोचलेली नसते, तिथली चांदी अजून अगदी बारीक दाण्यांची असते, आणि बारीक दाण्यांची चांदी डोळ्याला ऊबदार दिसते, बदामी, गुलाबी, विटकरी, कधी पिवळट. म्हणजे एकाच कागदावर वर मऊ रंगीत आणि खाली खरखरीत काळं. ही दोन टोकं एकत्र यावीत म्हणून तर हा सगळा खटाटोप.

आता पेपर का महत्त्वाचा ते यातूनच निघतं. ज्या पेपरच्या इमल्शनमध्ये, म्हणजे उजेड टिपणाऱ्या थरात, सिल्व्हर क्लोराईडचं प्रमाण चांगलं आहे, म्हणजे क्लोरोब्रोमाईड, वॉर्मटोन म्हणून विकले जाणारे, त्यांचे दाणे मुळातच बारीक असतात आणि ते लिथमध्ये रंग देतात. ब्रोमाईड जास्त असलेले थंड टोनचे पेपर साधारणपणे रंग देत नाहीत, किंवा देतात तो कळकट. दुसरी गोष्ट, कित्येक आरसी पेपरांच्या (कागदावर प्लास्टिकचा लेप असलेले) थरातच निर्माते डेव्हलपर घालून ठेवतात, मशीनमध्ये झटपट प्रिंट निघावा म्हणून. असा पेपर लिथच्या अल्कलीत पडला की त्याच्या पोटातला डेव्हलपर जागा होतो आणि लिथला संधी मिळायच्या आधीच साधा डेव्हलप होऊन मोकळा होतो.

हे ओळखायला एक फुकटची टेस्ट आहे. पेपरचा बोटभर तुकडा कापा, खोलीतला दिवा लावा, आणि धुण्याचा सोडा पाण्यात विरघळवून त्यात तो तुकडा टाका. मिनिटभरात काळा किंवा गडद करडा झाला तर डेव्हलपर आत आहे, त्या पेपरवर लिथचे पैसे घालवू नका. काहीच झालं नाही तर निदान पुढे जायला हरकत नाही. कुणीही "हा पेपर चालेल का" विचारलं की मी आधी ही टेस्ट करायला सांगतो, आणि बहुतेक जण ती न करताच परत विचारतात.

आता बंद पडलेल्या पेपरांबद्दल. लिथ प्रिंट करणाऱ्यांच्यात बसलात की पाच मिनिटांत स्मशानातली नावं सुरू होतात. कोडॅकचा कोडॅलिथ पेपर, ॲग्फाचा रेकॉर्ड रॅपिड, केंटमेअरचा केंटोना, आणि सगळ्यात जास्त उसासे ज्याच्या नावाने टाकले जातात तो फोर्टेचा पॉलिवॉर्मटोन. फोर्टे म्हणजे हंगेरीतल्या व्हाट्स गावातली फॅक्टरी, १९२२ साली कोडॅकने उभी केलेली, पुढे सरकारजमा झाली आणि फोर्टे नाव मिळालं, २००७ ला बंद पडली. त्याच सुमारास बाकीचे पण गेले, २००५ मध्ये ॲग्फाफोटो दिवाळखोरीत आणि त्याच वर्षी कोडॅकने ब्लॅक अँड व्हाईट पेपर बनवणं थांबवत असल्याचं जाहीर केलं. दोन-तीन वर्षांत इतकी पडझड झाली की तेव्हाच्या प्रिंटरांच्या मनातून ती जातच नाही. आपल्यालाही यात थोडं सुतक आहे बरं का, स्टर्लिंग नावाचा लिथ पेपर होता, भारतात बनायचा आणि नव्वदच्या दशकात इंग्लंडमधले लिथवाले तो शोधून वापरायचे. आपल्या इथे तो कोणाला माहीतसुद्धा नव्हता.

तर आता होतं काय, नवीन मुलगा दहा जुने लेख वाचतो, त्यात पॉलिवॉर्मटोनवरचे ते जर्दाळू रंगाचे प्रिंट बघतो आणि ऑनलाईन लिलावात वीस वर्षांपूर्वीचं अर्धं पाकीट भरमसाट पैसे देऊन घेतो. वर शिपिंग, वर कस्टम्स. येताना ते पाकीट किती वेळा एक्सरेखालून गेलं, किती महिने कुठल्या गोडाऊनमध्ये तापलं देव जाणे. त्यातले निम्मे कागद टेस्ट स्ट्रिपमध्ये जातात, चार प्रिंट बरे निघतात आणि पाकीट संपतं. शिकला काय? त्या पाकिटाबद्दल शिकला, जे आता जगात नाही. लिथ हा मुळातच बेभरवशाचा प्रकार आहे, डेव्हलपर प्रत्येक प्रिंटगणिक बदलतो, तापमान बदलतं, निदान पेपर तरी ओळखीचा असू दे की! मला जुन्या पेपरांचा राग नाही, कोणी फुकट दिला तर मी पण हावरटासारखा घेतो, पण तो वेगळा छंद आहे, जुनी नाणी जमवण्याच्या जवळचा.

आपल्याकडे जुना पेपर म्हटलं की इंदू. हिंदुस्तान फोटो फिल्म्स, उटी, १९६० ला स्थापन झालेली सरकारी कंपनी, १९६७ पासून उत्पादन. गावोगावच्या स्टुडिओंमधून आपल्या आजीआजोबांचे फोटो ज्या ब्रोमाईड पेपरवर निघाले त्यात हा बराच असणार. स्टुडिओ आवरताना माळ्यावर अशी पाकिटं अजून सापडतात आणि लोक मला फोटो पाठवून विचारतात की यावर लिथ होईल का. कागद बहुतेक वेळा फॉग झालेला असतो, म्हणजे उजेड न दाखवताही डेव्हलपरमध्ये करडा पडतो. गंमत म्हणजे असा थोडासा फॉग झालेला पेपर साध्या डेव्हलपरपेक्षा लिथमध्ये जरा बरा निघू शकतो, कारण आपण तो पूर्ण डेव्हलप व्हायच्या आधीच उचलतो आणि फॉगला वर यायला वेळच मिळत नाही. पोटॅशियम ब्रोमाईड चिमूटभर वाढवलं तर अजून दाबता येतो. करून बघा, मजा येते. पण प्रदर्शनाचं काम त्यावर बेतू नका.

बरं मग आज दुकानात मिळणाऱ्या पेपरांपैकी कुठला. माझं उत्तर फोमा, आणि फोमातला फोमाटोन. फोमा ही चेक कंपनी, ह्राडेट्स क्रालोवे नावाच्या गावात, १९२१ पासूनची, आणि इतक्या पडझडीतून तगून राहिलेली. त्यांचा फोमाटोन एमजी क्लासिक १३१ म्हणजे ग्लॉसी आणि १३२ म्हणजे मॅट, दोन्ही फायबर बेस, म्हणजे प्लास्टिकचा लेप नसलेल्या साध्या कागदावरचे. त्याचेच आरसी भाऊ ३३१ आणि ३३२. आणि क्रीम रंगाच्या बेसवरचा ५४२, शमवा म्हणतात तो. हे सगळे क्लोरोब्रोमाईड वॉर्मटोन आणि सगळे लिथ होतात, मनापासून होतात. योग्य पातळ केलेल्या डेव्हलपरमध्ये १३१ चे उजेडाचे भाग गुलाबीकडे झुकणारे बदामी येतात, अजून पातळ केलात आणि एक्स्पोजर वाढवलंत तर केशरी-विटकरी. काळा मात्र गच्च काळा.

सुरुवात मी आरसी ३३१ वर करायला सांगतो. फायबरवाले नाक मुरडतील, मुरडू देत. लिथमध्ये शिकण्याच्या काळात कागद वाया जाणारच असतो आणि आरसी स्वस्त पडतो, दोन-चार मिनिटांत धुऊन होतो, सपाट वाळतो आणि मुख्य म्हणजे खरा रंग काय आला ते लगेच कळतं. फायबर बेस धुवायचा म्हणजे तास-तासभर वाहतं पाणी, आणि आमच्या भागात गुरुवारी पाणी नसतं, त्यामुळे बुधवारी रात्री फायबर प्रिंट केले की घरात काय बोलणी बसतात ते मी इथे लिहीत नाही. आरसीवर स्नॅच पॉइंटची नजर बसली की मग १३१ घ्या. रंग अगदी तोच येणार नाही पण वागणूक तीच असते.

ग्लॉसी की मॅट यावर माझं मत ठाम आहे, आणि ते बहुतेकांच्या उलट आहे. लिथ म्हटलं की लोकांना मॅट हवा असतो, खरखरीत, जुनाट, चित्रासारखा. ओला असताना मॅट सुंदर दिसतो, वाळला की सावल्यांतला काळा बसतो, करडा होतो. लिथचं निम्मं बळ त्या काळ्यात आहे आणि तेच मॅटवर हरवतं. फायबर ग्लॉसी हवेवर वाळवला की तसाही आरशासारखा चमकत नाही, मंद चकाकी राहते, आणि काळा टिकतो. ज्या निगेटिव्हमध्ये काळं फारसं नाहीच, धुकं, समुद्र, चुन्याची भिंत, पांढरी साडी, तिथे मात्र १३२ किंवा ५४२ घ्या, तिथे ५४२ चा क्रीम बेस खुलतो.

फोमाटोनचे दोष पण सांगतो नाहीतर म्हणाल जाहिरात करतोय. एक तर पेपर संथ आहे, इल्फर्डच्या मल्टिग्रेड पेपरच्या सवयीने एक्स्पोजर द्याल तर अंदाज पार चुकेल, आणि त्यावर लिथचे दोन-तीन स्टॉप, म्हणजे एन्लार्जरचा बल्ब दोन-दोन मिनिटं जळतोय असं होतं. निगेटिव्ह कॅरियरमध्ये तापून फुगते आणि फोकस जातो, काच असलेला कॅरियर असेल तर तो वापरा. मल्टिग्रेड फिल्टर (कॉन्ट्रास्ट बदलायला लावतात ते) काढून ठेवा, लिथमध्ये कॉन्ट्रास्ट मुख्यतः एक्स्पोजर आणि उचलण्याची वेळ यांनी ठरतो, फिल्टर फक्त उजेड खातो. दुसरं म्हणजे सेफलाईट, डार्करूममधला मंद रंगीत दिवा. फोमाटोन याबाबतीत फार नाजूक. साध्या प्रिंटला कागद दोन-तीन मिनिटं सेफलाईटखाली असतो, लिथमध्ये दहा, पंधरा, कधी वीस मिनिटं. पिवळा किंवा ॲम्बर सेफलाईट असेल तर विसरा. गडद लाल लावा, लांब लावा, आणि कागदाच्या तुकड्याला एन्लार्जरखाली अगदी पुसटसा करडा येईल इतका उजेड देऊन, त्यावर नाणं ठेवून वीस मिनिटं सेफलाईटखाली ठेवा, मग डेव्हलप करा. नाण्याचा गोल दिसला तर तुमचे हायलाईट कधीच स्वच्छ येणार नाहीत आणि तुम्ही बिचाऱ्या डेव्हलपरला शिव्या देत बसाल.

तिसरा दोष पेपर फॉग. पेपर म्हणजे कागद नव्हे हो, मिरी, पेपर फॉग म्हणजे उजेडाच्या भागांत मिरपूड सांडल्यासारखे बारीक काळे ठिपके. डेव्हलपर दमला, सल्फाईट संपत आलं की हे येतात, आणि काही पेपरांवर इतरांपेक्षा लवकर येतात. फोमाटोनवर मला ते येतात, आणि एका बॅचवर जास्त, दुसरीवर कमी. सोडियम सल्फाईटचं थोडं पाणी ट्रेमध्ये घातलं तर ठिपके थांबतात पण रंगही थोडा जातो आणि वेळ वाढतो, त्यामुळे हात आखडता ठेवा. माझा मार्ग सरळ आहे, ठिपके दिसले की त्या सेशनला रामराम, नवीन डेव्हलपर. आणि प्रत्येक पाकिटावरचा बॅच नंबर वहीत लिहून ठेवा. एखादी बॅच चांगली निघाली तर त्याच दुकानातून त्याच नंबरची अजून दोन पाकिटं लगेच मागवा. एवढा साठा करायला माझी हरकत नाही.

इल्फर्डबद्दल दर वेळी विचारतात कारण आपल्याकडे तोच सहज मिळतो. नेहमीचा मल्टिग्रेड, आरसी असो की फायबरमधला क्लासिक, लिथला जुमानत नाही. दाणेदार, रंगहीन, कुणीतरी शाई पुसल्यासारखं काहीतरी येतं. पेपर उत्तम आहे, मी साधे प्रिंट त्यावरच करतो, पण हे त्याचं काम नाही. फायबरमधला वॉर्मटोन मात्र लिथ होतो, जरा अंग चोरून. डेव्हलपर कमी पातळ ठेवावा लागतो, गरम ठेवावा लागतो, आणि रंग फोमाटोनसारखा अंगावर येत नाही, शांत असतो. पोर्ट्रेटला मला तो आवडतो सुद्धा, माणसाचा चेहरा विटकरी झालेला सगळ्यांनाच नको असतो. फोमाचाच फोमाब्रोम व्हेरियंट १११ पण लोक वापरतात, रंग कमी ग्रेन जास्त, रस्त्यावरचे फोटो, लोखंड, पाऊस असल्या विषयांना ठीक.

डेव्हलपरवर थोडक्यात कारण आजचा विषय पेपर आहे. तयार बाटल्यांत जर्मनीतल्या मोर्शचं ईझीलिथ आहे, ए आणि बी असे दोन भाग, वापरायला सोपं. पण आपल्याकडे या केमिकलचा खरा इतिहास छापखान्यांत आहे. डीटीपी आणि थेट प्लेट काढणारी मशीनं यायच्या आधी ऑफसेटच्या प्लेटसाठी प्रोसेस कॅमेऱ्यावर लिथ फिल्म काढायचे, पुण्यात पेठांमधून असे कॅमेरे होते, आणि लिथ डेव्हलपर तिथे लिटरवारी लागायचा. त्यातले एक काका, आयुष्यभर लाईन निगेटिव्ह काढलेले, मी पेपरवर लिथ करतो म्हटल्यावर माझ्याकडे बघत म्हणाले, "अहो आम्ही जन्मभर मधला करडा घालवायला ते वापरलं, आणि तुम्ही त्याच्यातून करडा काढताय?" बरोबर होतं त्यांचं. फिल्मला कडक आणि ताजा डेव्हलपर दिला की फक्त काळं आणि पांढरं उरतं, तोच पातळ करून आणि पेपर ओव्हरएक्स्पोज करून आपण मधले रंग काढतो. केमिकल तेच, हेतू उलटा.

घरी बनवायचा असेल तर कोडॅकचा डी-८५ हा जुना फॉर्म्युला जाहीर आहे. एक लिटरला सोडियम सल्फाईट ३० ग्रॅम, पॅराफॉर्माल्डिहाईड ७.५, सोडियम बायसल्फाईट २.२, बोरिक ॲसिड ७.५, हायड्रोक्विनोन २२.५ आणि पोटॅशियम ब्रोमाईड १.६ ग्रॅम. आता म्हणाल ३० ग्रॅम सल्फाईट म्हणजे कमी कुठे आहे, तर त्यातली खुबी पॅराफॉर्माल्डिहाईडची आहे, ते बहुतेक सल्फाईटला बांधून ठेवतं आणि मोकळं फार थोडं राहतं. वास भयंकर येतो आणि तो श्वासात जाणं अजिबात चांगलं नाही, एक्झॉस्ट फॅन नसेल तर याच्या वाट्याला जाऊ नका, सरळ बाटली विकत घ्या.

कुठलाही डेव्हलपर असो, आधी वापरलेला थोडा राखून नव्यात मिसळायची पद्धत आहे, ओल्ड ब्राऊन म्हणतात त्याला, चहासारखा दिसतो. अगदी ताज्या डेव्हलपरमधले पहिले प्रिंट रंगाने फिके येतात, ओल्ड ब्राऊन घातला की पहिल्यापासून रंग येतो. नवीन पेपर तपासताना हे लक्षात ठेवा, पहिल्या प्रिंटवरून पेपरला नापास करू नका, तिसरा-चौथा बघा.

हवामानाचंही बोललं पाहिजे कारण जे लेख आपण वाचतो ते थंड देशातल्या लोकांनी लिहिलेले. ते बिचारे ट्रेखाली हीटर लावतात. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे टाकीतलं पाणीच ३२-३५ डिग्रीला येतं, लिथला हवं तितकं गरम, म्हणजे प्रिंट झटझट येतात, पण डेव्हलपर तितकाच झटझट मरतो आणि ठिपके लवकर येतात. उन्हाळ्यात मी जास्त पातळ करतो आणि ट्रे मोठा न घेता खोल घेतो, हवेला पृष्ठभाग कमी मिळावा म्हणून. आणि पावसाळ्यात पेपर जपा. उघडं पाकीट काळ्या पिशवीसकट हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या टाकून, फ्रीजमध्ये. काढल्यावर लगेच उघडायचं नाही, तीन-चार तास बाहेर ठेवून खोलीइतकं होऊ द्या, नाहीतर थंड कागदावर दव धरतं. मुंबई-कोकणात जेलाटिनवर बुरशी यायला एक जुलै महिना पुरतो.

नवीन पेपर घेतला की मी करतो ते असं, सगळ्यात लहान पाकीट, सोड्याची टेस्ट, सेफलाईटची टेस्ट, मग एकच ओळखीची निगेटिव्ह, दरवेळी तीच, ज्यात आभाळ आहे, माणूस आहे आणि अंधारा दरवाजा आहे. तिचे दोन, तीन आणि चार स्टॉप जास्त असे वेगवेगळे प्रिंट काढायचे आणि तिन्हीत दरवाजाचा काळा सारखा झाला की उचलायचे. एवढ्यानेच पेपरचा स्वभाव कळतो, एक्स्पोजर वाढलं की तो मऊ आणि रंगीत होत जातो का, कमी झालं की कडक होतो का, की काहीच फरक पडत नाही. फिक्सरमध्ये (चित्र कायमचं पक्कं करणारं द्रावण) गेल्यावर प्रिंट आणि रंग दोन्ही हलके होतात, वाळल्यावर परत गडद होतात, तेव्हा ओला असताना निकाल देऊ नका. आणि जोरदार रॅपिड फिक्सरमध्ये विसरून ठेवू नका, ती बारीक चांदी तिथे विरघळायला लागते आणि आधी सगळ्यात सुंदर भाग जातो.

आता ज्यांच्याकडे इल्फर्ड वॉर्मटोनचं पाकीट आहे आणि फोमाटोन मागवायचा नाहीये त्यांच्यासाठी एक वाट आहे, सेकंड पास. आधी साध्या डेव्हलपरमध्ये नेहमीसारखा प्रिंट करायचा, जरा गडदच, नीट फिक्स करायचा, नीट धुवायचा. मग तो ब्लीच करायचा, म्हणजे चित्र फिकं करून घालवायचं, आणि लिथ डेव्हलपरमध्ये परत वर आणायचा. ब्लीचपासून पुढचं सगळं दिव्याच्या उजेडात करता येतं, सेफलाईटची कटकटच नाही, चहा पीत स्नॅच पॉइंट बघा. थेट लिथमध्ये लाजणारा वॉर्मटोन इथे मोकळा होतो, वेगळेच रंग देतो. ब्लीचसाठी कॉपर सल्फेट, मीठ आणि थोडं सल्फ्युरिक ॲसिड लागतं, ॲसिड नेहमी पाण्यात घालायचं, पाणी ॲसिडमध्ये नाही. कॉपर सल्फेटसाठी केमिकलवाल्याकडे जायची गरज नाही, मोरचूद म्हणून कुठल्याही कृषी सेवा केंद्रात मिळतं, द्राक्षवाले बोर्डो मिश्रणासाठी किलोकिलोने नेतात. मी नाशिकला गेलो की तिकडूनच आणतो. दुकानदार आधी विचारतो बाग कुठे आहे, किती एकर, मग मी अर्धाच किलो मागतो म्हटल्यावर कुंड्यांसाठी का असं विचारतो, आणि मी हो म्हणतो.